इंजिनाचं पाळण्यातलं नाव

वसईतल्या आमच्या वाडीत बावखलाच्या, म्हणजे तळ्यासारख्या मोठ्या विहिरीच्या, काठाला एक पडकं पंपघर आहे. कौलं केव्हाच उतरली, भिंतीला शेवाळ आलं. आत सागवानी ओंडक्यांवर बोल्टांनी आवळलेलं चार सिलिंडरचं एक इंजिन गंजत पडलं होतं. घरात त्याचं नाव ‘फोर्ड’. आजोबांच्या मोटारीचं इंजिन, एवढंच आम्हा मुलांना माहीत. ती मोटार माझ्या वडिलांनीसुद्धा पाहिली ती चाकं काढून गोठ्यामागं टेकवलेली. खारा वारा पत्रा खाऊन गेला, सांगाडा भंगारात गेला. पण इंजिन चालत होतं. म्हणून आजोबांनी ते विहिरीवर आणलं, पट्टा चढवला, पंप जोडला आणि जिथं आधी बैल रहाट ओढत होते तिथं मोटारीचं इंजिन केळीला आणि पानवेलींना पाणी देऊ लागलं. पुढं विजेची मोटर आली आणि ते जे थांबलं ते थांबलंच.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी भंगारवाला आला. त्यानं इंजिनाकडं एक नजर टाकली आणि किलोचा भाव सांगितला. भाव योग्य होता. काकांनी मान डोलावली आणि त्याच वेळी मला जाणवलं, की आपण जे किलोवर विकतोय ते नेमकं काय आहे, हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. मी मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जे शिकलो, ते इथं मांडतो आहे. वाड्यांत, गोठ्यांत, बंद गिरण्यांमागं अशी इंजिनं अजून पडून असणार, आणि ती विकण्याआधी निदान ओळखली जावीत, ही माझी कळकळ आहे.

मोटारी आपल्याकडं आल्या कशा, हे आधी थोडक्यात. मुंबईच्या रस्त्यावर मोटार दिसू लागली ती १८९८च्या सुमारास, आणि पहिल्या काही मालकांत जमशेटजी टाटांचं नाव घेतलं जातं. पहिल्या महायुद्धानंतर ती संस्थानिकांच्या दारातून बाहेर पडून वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या दारात आली. फोर्ड कंपनीनं १९२६ मध्ये भारतात स्वतःची शाखा काढली. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला कारखाना घातला. तिथं खोक्यांतून आलेले सुटे भाग जोडून शेव्हरले उभ्या राहत. पुढं वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या. स्वातंत्र्यानंतर देशात भाग बनवण्याचा आग्रह धरला गेला, तशी १९५४च्या आसपास नुसती जोडणी करणाऱ्या या परदेशी कंपन्यांनी मुक्काम हलवला. त्यांच्या गाड्या मात्र इथंच राहिल्या. सुटे भाग मिळेनात, तेव्हा एकीचं हृदय दुसरीत बसवलं गेलं, आणि काही हृदयं थेट विहिरीवर गेली.

आधी वाचायचं, मग घासायचं

वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात, लेथवर आयुष्य काढलेले एक मिस्त्री मला भेटले. त्यांनी पहिला धडा दिला तो असा: तारेचा ब्रश लांब ठेवायचा. जुनं इंजिन दिसलं की माणूस आधी ग्राइंडर लावून ते चकाचक करतो, आणि त्याच क्षणी त्याचा जन्मदाखला पुसला जातो. ओतीव लोखंडावर दोन तऱ्हेच्या खुणा असतात. उठावाची अक्षरं साच्यातून येतात; ती फाउंड्रीची. खोल गेलेले आकडे पंच ठोकून उमटवलेले असतात. ते त्या एकट्या इंजिनाचे. उठावाची अक्षरं घासली तरी तग धरतात, खोल आकडे मात्र दोन-तीन घासण्यांत सपाट होतात. म्हणून डिझेलमध्ये भिजवलेला फडका, लाकडाची खपली आणि मऊ दातघाशी एवढीच हत्यारं. आकडे पुसट असले तर त्यांवर खडू चोळायचा आणि बॅटरीचा उजेड आडवा टाकायचा. खोबणीत खडू राहतो आणि आकडा वाचता येतो.

आकडा मिळाला तर किती कळतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात ती दीड कोटी बनली. तिचा नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाणी आत येतं त्या तोंडाच्या वर एका सपाट जागेवर ठोकलेला असतो. इंजिनाचा नंबर तोच गाडीचा नंबर. म्हणजे एखाद्या मेकॅनिकनं सत्तर वर्षांपूर्वी मोडक्या इंजिनाच्या जागी दुसरं बसवलं असेल, तर कागदोपत्री गाडीच बदलते. जुनी गाडी ओळखताना घोटाळे होतात ते इथंच, आणि म्हणून इंजिनाची ओळख ही गाडीच्या ओळखीची अर्धी बाजू असते.

आमच्या इंजिनावरची पितळी पट्टी गेली होती. दोन रिव्हेटांची भोकं तेवढी उरली होती. ठोकलेल्या आकड्यांपैकी शेवटचे दोन लागले, बाकीचे गंजानं गिळले. आता मोजमाप घेणं एवढाच मार्ग होता.

आठ अश्वशक्तीचं कोडं

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या नावात ‘आठ’, ‘दहा’, ‘बारा’ असे आकडे येतात. ती करासाठी ठरवलेली अश्वशक्ती. ब्रिटनमध्ये १९२१ पासून दर अश्वशक्तीमागं वर्षाला १ पौंड कर होता, आणि अश्वशक्ती काढायचं सूत्र फक्त सिलिंडरच्या व्यासावर बेतलेलं होतं: व्यास इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येनं गुणा, २.५ नं भागा. पिस्टन किती लांब धावतो याला त्या सूत्रात जागाच नव्हती. म्हणून तिथल्या कारखानदारांनी सिलिंडर अरुंद ठेवला आणि धाव लांबवली. अमेरिकन इंजिन रुंद सिलिंडरचं, ब्रिटिश इंजिन सडपातळ आणि उंच. या फरकाचं एक मोठं मूळ त्या करात आहे.

आम्ही हेड उतरवून व्यास मोजला: ५७ मिलिमीटरच्या किंचित वर. सूत्रात घातला तर उत्तर आलं आठ. मॉडेल टीचा व्यास पावणेचार इंच. तिची करपात्र अश्वशक्ती साडेबावीस. तिच्यानंतरच्या मॉडेल ए ची चोवीस. म्हणजे या दोन्ही बाद. पण घरातला ‘फोर्ड’ एवढ्यानं हरला नाही, कारण फोर्डनं १९३२ मध्ये इंग्लंडात एक छोटी गाडी काढली होती, मॉडेल वाय. तीही आठ अश्वशक्तीचीच. व्यास ५६.६, धाव ९२.५, एकूण ९३३ सीसी.

आणि इथं तिच्या शेजारी दुसरं नाव उभं राहतं: मॉरिस एट, १९३४ अखेर बाजारात आलेली. व्यास ५७, धाव ९०, एकूण ९१८ सीसी. ही गाडी आखताना मॉरिसच्या लोकांनी फोर्डची मॉडेल वाय विकत आणून खोलून बारकाईनं पाहिली होती, हे मोटारींच्या इतिहासात नोंदलेलं आहे. त्यामुळं दोन्ही इंजिनं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात: चार सिलिंडर, बाजूला उभे व्हॉल्व्ह, क्रँकला तीन मुख्य बेरिंगं, आणि पाण्याला पंपच नाही. गरम पाणी आपसूक वर चढतं, थंड खाली उतरतं आणि फेरा चालू राहतो. दोघींच्या व्यासांत फरक ०.४ मिलिमीटरचा. एवढी झीज तर बारा-पंधरा वर्षं पाणी उपसलेल्या सिलिंडरला सहज होते. थोडा घासलेला मॉरिस की बोअर करून वाढवलेला फोर्ड? व्यास याचं उत्तर देऊ शकत नव्हता.

धाव मात्र खोटं बोलत नाही. सिलिंडर घासतो, पण क्रँकचा हात लांब किंवा आखूड होत नाही. खालचं तेलाचं भांडं सोडलं, क्रँक साफ केला आणि मधल्या रेषेपासून हाताचं अंतर मोजलं. फोर्ड असतं तर ते ४६.२५ यायला हवं होतं. व्हर्नियरवर ४५ आलं. तीनदा मोजलं, तिन्हीदा ४५. दुप्पट केलं की ९०.

मिस्त्रींनी तरी मान हलवली नाही. त्यांनी सोडवलेला एक बोल्ट उचलला. त्याच्या डोक्याला व्हिटवर्थ मापाचा, म्हणजे इंची पाना घट्ट बसला. मग आट्यांवर त्यांनी इंची गेज टेकवून पाहिलं. ते कुठंच जुळेना. मेट्रिक गेज लावलं आणि १ मिलिमीटरचं पातं आट्यांत असं बसलं, की मागून उजेडाची रेघही दिसेना. डोकं इंची, आटे मेट्रिक. त्या काळच्या इंग्रजी इंजिनात असा संकर मॉरिसकडेच सर्रास दिसतो आणि त्याला कारण आहे. हॉचकिस नावाची फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनी पहिल्या महायुद्धात कॉव्हेंट्रीला आली आणि तिथं मशीनगन बनवू लागली. युद्ध संपलं तसं काम संपलं, आणि तिच्या यंत्रांवर मॉरिससाठी इंजिनं बनू लागली. १९२३ मध्ये मॉरिसनं तो कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण इंग्लंडातल्या मेकॅनिकच्या पेटीतले पाने इंची, म्हणून डोकी व्हिटवर्थची. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या तडजोडीची खूण वसईतल्या एका पंपघरात, गंजाखाली, जशीच्या तशी राहिली होती.

म्हणजे आमचं ‘फोर्ड’ हे मॉरिस होतं. हेच ९१८ सीसीचं इंजिन पुढं १९४८च्या मॉरिस मायनरमध्येही आलं, त्यामुळं नेमकं साल सांगायला पूर्ण नंबर हवा. तो नाही. तेवढी जागा आम्ही कोरी ठेवली आहे.

मिठाचं काम

थंड देशांत जुन्या इंजिनाचा शत्रू बर्फ: आतलं पाणी गोठतं, फुगतं आणि ब्लॉक तडकतो. वसईत पाणी गोठत नाही. इथं मीठ काम करतं. आमच्या इंजिनाला थंड ठेवायला विहिरीचंच पाणी फिरवलं जात होतं आणि उन्हाळ्यात आमची विहीर मचूळ होते. ब्लॉकच्या पोटातल्या पाण्याच्या वाटा गाळानं आणि क्षारानं दगडासारख्या भरल्या होत्या. चारही पिस्टन जागच्या जागी धरले होते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, ओतीव लोखंडाचा सिलिंडर आणि मधे खारट ओल, अशा ठिकाणी दोन्ही धातूंचा गंज मिळून सिमेंट होतो.

अशा इंजिनाला हिसका द्यायचा नाही. हँडलला लांब पाइप लावून जोर केला, तर पिस्टन सुटण्याआधी कनेक्टिंग रॉड वाकतो. ॲसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइल यांचं मिश्रण चारही सिलिंडरांत ओतलं आणि दर रविवारी मी ते भरत राहिलो. हेडचे स्टड निघेनात, तेव्हा मिस्त्रींनी एकेक स्टड गॅसच्या ज्योतीनं तापवला आणि मुळाशी मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं गेलं, आणि स्टड थंड होता होता सुटला. अकरा निघाले, एक तुटला. त्याला बरोबर मधोमध भोक पाडून काढायला एक अख्खा दिवस गेला. सातव्या आठवड्यात तिसरा पिस्टन लाकडी ठोकळ्याच्या हलक्या ठोक्यानं केसभर सरकला. त्या दिवशी आम्ही पुढं काही केलंच नाही. पुन्हा तेल भरून घरी गेलो.

पण या कामातलं सगळ्यात देखणं काम बेरिंगांचं. आजच्या गाडीत बेरिंगची पातळ वाटी डबीतून काढून बसवतात. त्या काळी बऱ्याच गाड्यांत व्हाइट मेटल वितळवून थेट रॉडमध्ये ओतायचे. व्हाइट मेटल म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. ओतलेला धातू लोखंडाला धरून राहावा म्हणून रॉडच्या आतल्या गोलाईला आधी कल्हई करावी लागते. पितळेच्या पातेल्याला करतात तीच कल्हई, तेच कथील, तोच नवसागराचा धूर. मिस्त्रींनी कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं, गोलाई आरशासारखी चमकली, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या दारात भाता घेऊन बसणारा कल्हईवाला उभा राहिला. मग तापलेल्या साच्यात एका धारेत, हात न थांबवता धातू ओतला. थांबलं की तिथं थर पडतो, आणि थर पडला की पुढं तिथंच बेरिंग सुटतं.

ओतून झालं की लेथवर माप, आणि मापानंतर हात. क्रँकला निळा रंग अगदी पातळ लावायचा, रॉड बसवून फिरवायचा, पुन्हा सोडायचा. जिथं निळं उमटलं तिथं धातू उंच. तेवढाच तिकोनी स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा फिरवणं. सुरुवातीला दोन ठिपके उमटतात, मग दहा, आणि शेवटी सगळ्या गोलाईवर पावसाच्या शिंतोड्यांसारखे सारखे ठिपके. एका रॉडला त्यांचा पूर्ण दिवस गेला. मोठ्या पंपांच्या आणि टर्बाइनच्या बेरिंगांसाठी व्हाइट मेटल आजही ओततात, म्हणून ही विद्या जिवंत आहे. पण मोटारीच्या एवढ्याशा रॉडसाठी ती वापरणारे हात मोजके उरले आहेत आणि ते सगळे उतारवयातले आहेत.

पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, कार्ब्युरेटर यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोरबाजार पालथा घातला. तिथंही मोजमापाची वहीच कामाला आली. ‘मॉरिसची रिंग आहे का’ विचारलं की नकार. ५७ मिलिमीटरची, इतक्या जाडीची रिंग विचारली की तीन खोकी खाली यायची.

पेट्रोल, कायदा आणि दसरा

जुन्या इंजिनाला शिसं घातलेलं पेट्रोलच लागतं, असा समज आहे. आपल्याकडं शिसंयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. पण पेट्रोलमध्ये शिसं घालायची सुरुवातच १९२३ची. त्याआधीची इंजिनं शिशाशिवाय जन्मली आणि शिशाशिवाय जगली. मॉडेल टी तर इतक्या कमी दाबावर चालते, की तिला हलकं इंधनही पुरतं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला रेशन लागलं तेव्हा आपल्याकडच्या मोटारी आणि बसेस मागं भट्टी बांधून कोळशाच्या वायूवरही धावल्या. आजची खरी अडचण इथेनॉलची आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या कार्ब्युरेटरचा तरंगणारा बुचाचा गोळा लाखेनं माखलेला असतो, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. गोळा भिजतो, जड होतो, पेट्रोल उतू जातं. जुन्या रबराच्या नळ्या फुगतात त्या वेगळ्याच. म्हणून गोळा पितळी बसवावा, नळ्या नव्या घालाव्यात, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी.

ज्यांच्याकडं इंजिनासकट पूर्ण गाडी आहे, त्यांच्यासाठी १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारनं वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची, आणि चॅसिस, सांगाडा वा इंजिनात मोठे बदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. रोजच्या वापराला ती चालवता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला, देखभालीला नेता येते. इंजिन मूळचं असणं इथं कायद्याच्या नजरेतही मोलाचं ठरतं. ग्राइंडर उचलण्याआधी आकडा वाचा, असं मी म्हणतो त्यामागं हेही एक कारण आहे.

जुनं यंत्र जपणं हा आपला जुना संस्कार आहे. कोल्हापूरला दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार आजही निघते आणि दसरा चौकात लोक तिची वाट पाहत उभे असतात. राजघराण्याकडं गाडी जपायला माणसं असतात. शेतकऱ्याच्या घरी खंडेनवमी असते. वर्षातून एक दिवस कोयता, कुदळ, पंप, शिलाई यंत्र धुऊन पुसून त्यांना झेंडू वाहायचा. या पूजेला जोडून यंत्राचा नंबर वहीत टिपून ठेवायची रीत पडली, तर पुढच्या पिढीचं अर्धं काम होईल.

गेल्या खंडेनवमीला इंजिन लोखंडी चौकटीवर उभं होतं. आधी ठिणगी न देता हँडल फिरवून तेल वरपर्यंत चढवलं. नव्या बेरिंगांना कोरडी सुरुवात सोसत नाही. मग ठिणगीची वेळ मागं सरकवली. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे मिस्त्रींनी पुन्हा एकदा माझ्या हाताला धरून दाखवलं, कारण इंजिनानं उलटा झटका दिला तर विळखा घातलेला अंगठा मोडतो. पाचव्यांदा पेटलं. आधी दोन सिलिंडर, मग तीन, मग चारही. सहा मिनिटं चाललं. पाण्याचा फेरा सुरू झालाय का ते पाहायला मी वरच्या नळीला हात लावला. ती कोमट झाली, मग गरम. कोणताही पंप नसताना पाणी आपल्या वाटेनं चढत होतं.

काका ओट्यावर बसून पाहत होते. मॉरिस हे नाव त्यांनी मोजमापाच्या दिवशीच ऐकलं होतं आणि ते त्यांना लागलं होतं. वडिलांनी सांगितलेली गोष्ट चुकीची ठरली, असं त्यांना वाटलं असणार. त्या दिवशी इंजिन थांबल्यावर मी वही त्यांच्यापुढं ठेवली. व्यास, धाव, आट्यांचं माप, उरलेले दोन आकडे, सगळं लिहिलेलं होतं; नावाची ओळ मात्र कोरी ठेवली होती. आमच्या घरात माणसाला दोन नावं असतात. एक पाळण्यातलं, जे पत्रिकेत जातं. दुसरं हाक मारायचं. काकांनी चष्मा लावला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘मॉरिस, ९१८ सीसी’. आणि खालच्या ओळीत: ‘घरात हाक – फोर्ड’.